सर्व्हिसच्या धंद्यात एसओपी लिहायची कुठून? परत आलेल्या कॉलच्या वहीतून

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये एसी-फ्रिज दुरुस्तीचा व्यवसाय आहे. सात टेक्निशियन, दोन हेल्पर, फोनवर एक ताई. मालकांनी कुठूनतरी तयार साचा आणून साठ पानांची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी नियमावली छापली, सगळ्यांना वाटली, सह्या घेतल्या. तीन महिन्यांनी परिस्थिती जैसे थे. तोच ग्राहक आठवड्यात परत फोन करतो, प्रत्येक टेक्निशियनची कामाची तऱ्हा वेगळी, आणि एक हुशार माणूस गावी गेला की अख्खा धंदा लंगडतो. त्यांना विचारायचंय की एसओपी लिहायची कशी, आणि पोरांनी ती पाळावी म्हणून करायचं काय.

आधी एक सांगतो, साठ पानांचं दुःख करू नका. मीही तेच केलं होतं. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून हेल्पर म्हणून सुरुवात केली, पुढे पुण्यात स्वतःचं काम काढलं. बारा माणसं झाल्यावर वाटलं, आता आपण कंपनी झालो, कागदपत्रं हवीत. रात्री जागून अडतीस पानं लिहिली, स्पायरल बायंडिंग करून प्रत्येक गाडीत एक प्रत ठेवली. दोनेक महिन्यांनी एका टेम्पोत मागे वाकून बघितलं, तर ती प्रत घडी करून एसी धुवायच्या जेट पंपाच्या खाली सारलेली. पंप खडखडतो म्हणून. राग आला, पण खरं सांगायचं तर त्या अडतीस पानांचा तेवढाच उपयोग होता. त्यात ‘टेक्निशियनने ग्राहकाशी सौजन्याने वागावे’ असली वाक्यं होती. ती वाचून कुठलं काम वेगळं होणार?

सह्यांचंही तसंच. सही घेतल्याने मालकाला झोप लागते, एवढाच तिचा फायदा.

आता मी काय करतो ते सांगतो. तुम्ही एसी सर्व्हिसचे असलात तरी आरओ, लिफ्ट, सोलर, इन्व्हर्टर-बॅटरी, पेस्ट कंट्रोल, सगळीकडे हे थोड्याफार फरकाने लागू पडतं. जिथे माणूस आपल्या नजरेआड दुसऱ्याच्या घरात काम करतो, तिथली दुखणी सारखीच असतात.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. त्यात फक्त परत आलेले कॉल लिहायचे. म्हणजे ज्या घरी महिनाभरात आपला माणूस जाऊन आला आणि तिथून पुन्हा फोन आला, तेवढेच. रकाने पाच: तारीख, पहिल्यांदा कोण गेला होता, काय काम केलं होतं, ग्राहक आता काय म्हणतो (त्याच्याच शब्दांत), आणि दुसऱ्या खेपेला प्रत्यक्ष काय सापडलं. पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो पहिल्यांदा गेलेल्या माणसाने भरायचा नाही. दोन महिने एवढंच करा. एकही नियम लिहू नका.

माझ्या वहीत काय सापडलं ते सांगतो, कारण मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट निघालं. मी धरून चाललो होतो की पोरांना इन्व्हर्टर एसी नीट कळत नाही, पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) समजत नाही, तिथे ट्रेनिंग हवं. वहीत तसले कॉल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे कसले? सर्व्हिस झाल्यावर ड्रेन पाइप नीट बसला नाही म्हणून रात्री पलंगावर पाणी. ब्लोअरचा स्क्रू सैल राहिला म्हणून घरघर. व्हॉल्व्हची टोपी परत लावलीच नाही. टेक्निशियन दीड टनाचा कपॅसिटर घेऊन गेला आणि मशीन निघालं दोन टनाचं. पार्ट मागवायचा ठरला, तो आला, पण ग्राहकाला कळवायचं कोणी हे कोणालाच माहीत नाही. ‘तुमचा माणूस चारशे म्हणाला होता, बिल बाराशेचं कसं?’ आणि सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य: ‘तुमचा माणूस येऊन गेला त्याआधी हे व्यवस्थित चालत होतं.’

यातलं काहीही ज्ञान नाही म्हणून झालेलं नाही. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सांडलं. फोनवरून टेक्निशियनकडे जाताना, आजच्या टेक्निशियनकडून उद्याच्याकडे जाताना, टेक्निशियनकडून परत ग्राहकाच्या ताब्यात जाताना. मग मी ठरवलं की एसओपी कामाची लिहायचीच नाही, या हातबदलाची लिहायची. कॉम्प्रेसर कसा बदलावा हे ज्याला येतं त्याला येतं. ज्याला येत नाही तो पान वाचून शिकणार नाही, तो कोणाच्यातरी हाताखाली शिकेल.

पहिला हातबदल फोनवर. तुमच्या ताई फोन घेतात तिथूनच निम्मा कॉल सुधारतो किंवा बिघडतो. आमच्याकडचा एक किस्सा. कॉल आला, ‘एसी थंड करत नाही.’ लिहून घेतलं, ‘नो कूलिंग’. दोन पोरं गॅसचा सिलिंडर, गेज, सगळा संसार घेऊन सिंहगड रोडच्या टोकाला गेली. आउटडोअर, म्हणजे एसीचं बाहेरचं मशीन, सहाव्या मजल्यावर, डक्टमध्ये भिंतीला लटकवलेलं, उभं राहायला वीतभर जागा नाही. ना पट्टा नेलेला, ना दोरी. परत आली. दुसऱ्या दिवशी तिघं सगळं सामान घेऊन गेले, आणि बाहेर उतरायच्या आधी एकाने सहज इनडोअरचं झाकण उघडलं. जाळीवर ब्लँकेटसारखा थर. जाळी धुतली, एसी गार.

तेव्हापासून फोनशेजारी भिंतीवर एक कार्ड आहे. त्यावर नियम नाहीत, प्रश्न आहेत, आणि ते ताईंनीच त्यांच्या भाषेत लिहिलेत. स्प्लिट की विंडो, कुठली कंपनी, किती टनाचा. अजिबात गार होत नाही, की उशिरा होतं, की पाणी गळतं, की एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पडतो. जाळी शेवटची कधी धुतली. आधी कोणी गॅस मारला होता का, कधी. सोसायटीत दुपारी दोन ते चार काम करू देतात का. आणि बाहेरचं मशीन कुठे आहे. हा शेवटचा प्रश्न कसा विचारला जातो ते ऐका:

‘काकू, बाहेरचं मशीन बाल्कनीत आहे की भिंतीला बाहेरून?’

‘ते मला काय माहीत बाई, ह्यांनी बसवून घेतलं.’

‘मग खिडकीतून एक फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकता का? म्हणजे मुलं येताना शिडी-पट्टा घेऊनच येतील, तुम्हाला दोनदा सुट्टी नको काढायला.’

काकू फोटो टाकतात. कारण सांगितलं की माणसं टाकतात. फोन ठेवायच्या आधी व्हिजिट चार्ज किती आणि तो दुरुस्तीत वळता होतो की नाही, हे स्पष्ट बोलायचं. हे वाक्य संकोचाने गिळलं की दारात भांडण ठरलेलं.

जाळी धुवायला सांगून काही कॉल फोनवरच मिटतात. मालक म्हणतात, मग धंदा बुडाला की! मला तसं वाटत नाही. ज्या काकूंचे व्हिजिटचे पैसे ताईंनी वाचवले, त्याच पुढच्या मार्चमध्ये घरातल्या तिन्ही एसींची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, देतात.

आता घरातल्या कामाकडे येतो. इथे एसओपी ऑफिसात बसून लिहायची नाही. तुमच्याकडे एक तरी असा माणूस असेल की ज्याचे कॉल परत येत नाहीत. आमच्याकडे होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांना विचारलं, तुम्ही वेगळं काय करता? म्हणाले, ‘काही नाही ओ, जे सगळे करतात तेच.’ त्यांना खरंच माहीत नव्हतं. हातात मुरलेली गोष्ट तोंडाने सांगता येत नाही. आजीला पुरणाचं प्रमाण विचारून बघा.

म्हणून मी चार दिवस त्यांचा हेल्पर होऊन फिरलो. बॅग उचलायची, गप्प बसायचं आणि लिहायचं. मामा घरात शिरले की पाण्याचा ग्लास घेतल्यावर पहिलं काम काय करत? एसी चालू. काहीही उघडायच्या आधी दहा मिनिटं तो चालू द्यायचा. तेवढ्यात स्विंग फिरतो का, रिमोटचा डिस्प्ले दिसतो का, आवाज कसला येतोय, झाकणाला आधीची चीर आहे का, हे सगळं ग्राहकाला शेजारी उभं करून दाखवायचं. ‘बघा साहेब, हे पातं आधीच अडकतंय, हां.’ एवढंच वाक्य. ‘तुमचा माणूस येऊन गेला त्याआधी व्यवस्थित होतं’ हे मामांना कधीच ऐकावं लागत नव्हतं, त्याचं कारण हे. दुसरं, त्यांच्या बॅगेत एक जुनी चादर असायची. ग्राहकाचा पलंग ते स्वतःच्या चादरीने झाकत, वर्तमानपत्राने नाही. आणि काम संपल्यावर एक बाटली पाणी इनडोअरच्या ट्रेमध्ये हळूहळू ओतून बाहेर ड्रेनच्या तोंडाशी हात धरून उभे राहत. पाणी हातावर आलं की मगच झाकण लावायचं.

हे तिसरं बघितल्यावर मी वही काढली. गळतीच्या परत कॉलांत मामांचं नाव एकदाही नव्हतं.

तर साध्या वॉटर सर्व्हिसचं, म्हणजे पाण्याने एसी धुण्याचं, आमचं कार्ड आज असं आहे. पोस्टकार्डाएवढं, लॅमिनेट केलेलं, टूल बॅगच्या झाकणाला आतून चिकटवलेलं:

१. काही उघडायच्या आधी एसी दहा मिनिटं चालवा. ग्राहकाला शेजारी घ्या. आधीचे दोष तोंडाने सांगा, फोटो काढा. वीज नसेल तर जॉबशीटवर तसं लिहून ग्राहकाची सही घ्या.
२. पलंग, टीव्ही आपल्या चादरीने झाका.
३. एमसीबी बंद. नुसत्या रिमोटवर विश्वास नको.
४. पीसीबीची बाजू प्लास्टिकने झाका, मग जेट मारा.
५. ब्लोअर हाताने फिरवून बघा, घासतोय का.
६. ट्रेमध्ये एक लिटर पाणी ओता. ड्रेनच्या तोंडाशी आलं का बघा.
७. आउटडोअरच्या दोन्ही व्हॉल्व्हच्या टोप्या हाताने फिरवून बघा, बसल्यात का.
८. पंधरा मिनिटं चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान घ्या. फरक ८ ते १२ अंश हवा. कमी असेल तर जॉबशीटवर लिहा, ग्राहकाला सांगा, ऑफिसला कळवा. स्वतःहून गॅस मारू नका.
९. ग्राहकाच्या हातात रिमोट द्या, त्यालाच चालू करू द्या.

एवढंच. कॉइल कशी धुवायची, जेट किती लांबून मारायचा, पंख वाकले तर काय, हे कार्डावर नाही. कार्डावर तेच आहे जे काम येणाऱ्या माणसाकडूनही घाईत सुटतं. आणि त्यातली प्रत्येक ओळ वहीतल्या कुठल्यातरी परत कॉलची पोर आहे. नववी ओळ बघा. ती का, तर टेक्निशियन गेल्यावर रिमोट चुकून ड्राय किंवा फॅन मोडवर राहायचा आणि संध्याकाळी फोन यायचा, ‘गारच होत नाही.’

काही ठिकाणी मात्र ‘कोणत्याही परिस्थितीत नाही’ असं लिहावंच लागतं. आमच्याकडे त्यासाठी लाल कार्ड आहे. त्यावर पाचच गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीपुढे कारण.

गळती शोधल्याशिवाय गॅस मारायचा नाही. एसी ही बंद व्यवस्था आहे, गॅस काही पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. नुसता भरून दिला तर दोन महिन्यांनी तोच ग्राहक, तोच फोन आणि जोडीला ‘तुम्ही फसवलं’. गळती काढा, नायट्रोजनने दाब देऊन तपासा, व्हॅक्यूम काढा, मग मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे वजनकाट्यावर भरा. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, त्यामुळे गेजकडे बघून अंदाजाने भरणं म्हणजे फसगतच.

दाब द्यायला ऑक्सिजन कधीही नाही. ब्रेझिंगचा (पाइप तापवून जोडण्याचा) ऑक्सिजन सिलिंडर शेजारीच असतो, नायट्रोजनचा गाडीत राहिलेला असतो, आणि मोह होतो. कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो. त्याला दुसरी संधी नसते.

पंप डाऊन करताना, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेताना, लक्ष दुसरीकडे नको. पाइप सैल किंवा सुटलेला असताना कॉम्प्रेसर चालू राहिला तर तो हवा आत ओढतो. तेल, गॅस आणि हवा एकत्र दाबली गेली की कॉम्प्रेसर फुटू शकतो.

इन्व्हर्टर आउटडोअरचं झाकण काढल्यावर लगेच पीसीबीला हात नाही. एमसीबी बंद केल्यावरही त्या मोठ्या कपॅसिटरांत काही वेळ ३०० व्होल्टच्या वर डीसी शिल्लक असतो. थांबा, मीटर लावा, उतरलाय हे बघा, मग हात.

आणि पाचवं, मशीनमध्ये आर-३२ किंवा आर-२९० गॅस असेल तर खोलीत उघडी ज्योत नाही. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेनच, तो सरळ पेटतो. दोन्ही हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतात. आर-२२ या जुन्या गॅसवर हात बसलेल्या जुन्या माणसांना ही सवय नसते. पोरांना मी म्हणतो, आधी देवघराकडे बघा. समई, उदबत्ती चालू असेल तर हात जोडून विनंती करा, खिडक्या उघडा, मग काम.

या देवघरातल्या दिव्यावरून दरवेळी मला शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या पायगेला, म्हणजे घोडदळाच्या तळाला, लिहिलेलं पत्र आठवतं. पावसाळ्याच्या तोंडावर लष्कराच्या अधिकाऱ्यांना सूचना आहेत: दाणागवत आत्ताच मनाला येईल तसं उधळू नका, पुढे पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, मग लोक कुणब्यांकडून ओरबाडतील आणि रयत उठून जाईल. गवताजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढू नका. आणि रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल. उंदराने वात नेण्यापर्यंतचा विचार! मला त्यातलं सगळ्यात मोठं काय वाटतं, तर प्रत्येक हुकमाच्या मागे ‘नाहीतर काय होईल’ हे लिहिलंय. ज्याला कारण कळलं तो पत्रात न लिहिलेली परिस्थिती आली तरी बरोबर वागेल. तुमच्या साठ पानांत किती ओळींपुढे कारण आहे, ते एकदा मोजून बघा.

उंचीवरच्या कामाचं मी कार्डात बसवत नाही, तो वेगळा आणि कडक विषय आहे. भिंतीवरचं आउटडोअर असेल तर दोन माणसं, अंगभर पट्टा, डबल लॅनयार्ड (पट्ट्याला जोडलेल्या हुकाच्या दोन दोऱ्या), आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. हुक आउटडोअरच्या स्टँडला अडकवायचा नाही, कारण पावसाने गंजलेला तो स्टँड मशीनच जेमतेम पेलत असतो. अडकवायला पक्की जागा नसेल तर काम नाही. ग्राहक कितीही म्हणो ‘मागचा पोरगा तर असाच उतरला होता.’ आणि ‘नाही’ म्हणून परत आलेल्या टेक्निशियनला त्या व्हिजिटचे पूर्ण पैसे मिळाले पाहिजेत. हे वाक्य एसओपीत नसेल तर बाकीची एसओपी फाडून टाका, कारण पोरगा उतरणारच.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, पोरं पाळत का नाहीत. तुम्ही टेक्निशियनला दर कॉलमागे पैसे देता का? बहुतेक देत असाल, आपल्या धंद्यात तीच रीत आहे. मग तुमच्याकडे दोन एसओपी आहेत: एक कागदावरची, ती म्हणते दहा मिनिटं एसी चालवून बघ, दुसरी पगाराची, ती म्हणते दिवसात नऊ कॉल उरक. दुसरी नेहमी जिंकते. मी कॉलमागचा आकडा कमी केला आणि महिनाभर परत न आलेल्या कॉलवर वेगळी रक्कम लावली. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली, एक जण सोडूनही गेला. चांगला होता, वाईट वाटलं. पण परत आलेला कॉल पहिल्यांदा गेलेल्याच माणसाने फुकट करायचा, ही शिक्षा मात्र लावू नका. मी लावली होती. पोरं परत कॉल लपवायला लागली, ग्राहकाला स्वतःचा नंबर देऊन ‘काही झालं तर मलाच करा, ऑफिसला नको’ सांगायला लागली. वही कोरी, आणि ग्राहक हातचा गेला.

ग्राहकाला स्वतःचा नंबर देणं, रविवारी परस्पर काम करणं, स्वतःच्या क्यूआरवर पैसे घेणं, हे एसओपीने पूर्ण थांबत नाही. पैसे फक्त कंपनीच्या क्यूआरवर किंवा पावती देऊन रोख, आणि बिलाचा मेसेज ऑफिसातून जाणार, हे फोनवरच ताईंनी सांगितलं की बरंचसं आटोक्यात येतं. उरलेलं पगाराचं आणि वागणुकीचं आहे.

फोटोंबद्दल. काही जण प्रत्येक कॉलला वीस फोटो मागतात आणि एकही बघत नाहीत. पोरांना ते आठवड्यात कळतं, मग कालचेच फोटो आज येतात. आम्ही चार मागतो: आधीचे दोष, पाटीवरचं मॉडेल आणि गॅसचं वजन, ड्रेनमधून येणारं पाणी, तापमापकाचा आकडा. पाटीचा फोटो एकदा काढला की पुढच्या खेपेला चुकीचा कपॅसिटर जात नाही. आजच्याकडून उद्याच्याकडे जाणारा हातबदल तिथे सांभाळला जातो. रोज संध्याकाळी त्यातल्या कुठल्याही तीन कॉलांचे फोटो मी स्वतः उघडतो आणि एका तरी टेक्निशियनला त्यावर काहीतरी बोलतो. चांगलंही बोलतो. कोणीतरी बघतंय हे कळणं पुरतं. सॉफ्टवेअरचं विचाराल तर सात माणसांना व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक गुगल फॉर्म भरपूर झाला. कार्ड कागदावर सहा महिने चाललं की मग ॲप घ्या. आधी ॲप घेतलं तर ॲपवाल्याच्या साच्यात तुमचं काम कोंबाल.

कार्ड लिहून झालं की आधी सगळ्यात नव्या हेल्परला द्या, जुन्या टेक्निशियनला नको. जुना माणूस मनातल्या मनात गाळलेल्या जागा भरतो. नवखा पोरगा ‘ट्रे कुठे असतो?’ म्हणून विचारेल, तिथे तुमचं वाक्य अपुरं आहे. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘ड्रेन तपासा’ एवढंच होतं. पोराने खाली वाकून पाइपकडे बघितलं आणि टिक केली. चूक त्याची नव्हती. ‘एक लिटर पाणी ओता’ म्हटल्यावर वेगळं काही करताच येत नाही. ‘तपासा’, ‘काळजी घ्या’, ‘योग्य प्रकारे’ हे शब्द कार्डात दिसले की खोडा आणि हात काय करणार ते लिहा. भाषा तीच ठेवा जी गाडीत बोलता. आमच्याकडे अर्धी पोरं मराठवाड्यातली, दोघं उत्तर प्रदेशातली. त्या दोघांसाठी तेच कार्ड हिंदीत आहे, आणि लाल कार्डावर शब्दांसोबत चित्रं. शुद्ध मराठीत ‘शीतक’ आणि ‘संपीडक’ लिहिलंत तर मामासुद्धा मान खाजवतील.

सोमवारी सकाळी गाड्या निघायच्या आधी चहाबरोबर पंधरा मिनिटं. वहीतला गेल्या आठवड्याचा एकच परत कॉल घ्यायचा, नाव न घेता, आणि विचारायचं: कार्डात हे होतं का? होतं तर का सुटलं? नव्हतं तर घालायचं का? गेल्या पावसाळ्यात एकाने सांगितलं, ‘साहेब, दहा मिनिटं चालवा म्हणता, पण लाइटच नसते, मग?’ बरोबर होतं. मग पहिल्या ओळीत भर पडली: वीज नसेल तर जॉबशीटवर तसं लिहून ग्राहकाची सही घ्या. मात्र एक ओळ आत आली तर एक बाहेर गेली पाहिजे, कार्ड पोस्टकार्डाएवढंच राहणार. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तारीख असते, नवं आलं की जुनं हातात घेऊन फाडायचं. नाहीतर तीन गाड्यांत तीन वेगवेगळे नियम फिरतात.

आणि ही बैठक मालकानेच घ्यायची. ज्या दिवशी तुमच्या मेहुण्याचा एसी ‘जरा पटकन बघून ये रे, कार्डबिर्ड राहू दे’ म्हणून तुम्ही पोराला धाडाल, त्या दिवशी सगळ्यांना कळेल की कार्ड घाई नसेल तेव्हापुरतंच असतं.

राहिला प्रश्न कधी सुरू करायचं. गुढीपाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत नवीन काही लादू नका. त्या दिवसांत पोरं जेवायला विसरतात, तिथे कार्ड कोण वाचणार. पण वही मात्र याच सीझनमध्ये लिहा, कारण परत कॉल तेव्हाच भरभरून मिळतात. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फोन थंडावले की वही घेऊन बसा, जुलैत तुमच्या मामांबरोबर फिरा, ऑगस्टमध्ये पहिलं कार्ड हेल्परच्या हातात द्या. पहिलं कार्ड वॉटर सर्व्हिसचंच करा, गॅसचं नको. गॅसच्या कामात तुमच्या दोन जुन्या टेक्निशियनचं आपसात पटायलाच महिना जाईल. तोवर लाल कार्डावरच्या पाच ओळी उद्याच हाताने लिहून गाडीत लावा, त्यांना वही लागत नाही.